रास्पबेरी पायवरचा वायफाय सारखा तुटतोय? ड्रायव्हरला हात लावायच्या आधी हा क्रम पाळा

रास्पबेरी पाय (पुढे नुसता 'पाय'), ऑरेंज पाय असल्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डाला युएसबी वायफाय अडॅप्टर लावला की आठवड्याभरात तेच गाऱ्हाणं ऐकू येतं, "अडॅप्टर दिसतो, कनेक्ट पण होतो, नंतर कधीतरी गायब होतो, मी ओएस दोनदा टाकली तरी तेच." ओएस परत टाकून हा प्रॉब्लेम सुटलेला मी क्वचितच बघितलाय. बहुतेकांचा क्रम चुकतो. पहिल्याच झटक्यात ड्रायव्हर (अडॅप्टर चालवणारा प्रोग्रॅम) शोधायला बसतात, कुठूनतरी उचललेल्या पाच कमांड एकापाठोपाठ मारतात आणि चार्जर नि केबलकडे सगळ्यात शेवटी बघतात. आपल्याला बरोबर उलटं जायचंय.

कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीयेत, टाइप करताना इंग्रजी छोट्या लिपीत करा, जिथे स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो तिथे अक्षरं फोडून दिलीयेत.

## ०. बसण्याआधीची तयारी

ही पायरी सगळे सोडतात आणि इथेच अर्धा दिवस जातो.

बोर्डापर्यंत पोचायला वायफाय सोडून दुसरा रस्ता हवाच. लॅन केबल लावा, नाहीतर कीबोर्ड आणि स्क्रीन जोडा. वायफायवरूनच एसएसएच करून (म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बोर्डात शिरून) वायफायची सेटिंग बदलत बसलात की एक चूक झाली आणि तुम्ही बाहेर, मग कार्ड काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, सगळा उद्योग.

एसडी कार्डाची पूर्ण इमेज कॉपी करून ठेवा. एक चांगला चार्जर आणि एक आखूड, जाड केबल उसनी का होईना पण हाताशी असू द्या. मल्टीमीटर असेल तर सोन्याहून पिवळं, साधा स्वस्तातला चालतो.

आणि एक वही. खरंच सांगतो, वही. कधी तुटलं ती वेळ लिहायची आणि त्या वेळी आजूबाजूला काय चालू झालं किंवा बंद झालं तेही लिहायचं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीच्या एका मामांच्या टॉवेलच्या शेडमध्ये मी पाय बसवला होता, चार मागांच्या फेऱ्या मोजून मोबाईलवर दाखवायला. तो रोज तुटायचा आणि मी रोज लॉग (बोर्डाने स्वतः लिहिलेल्या नोंदी) वाचत बसायचो. शेवटी मामाच म्हणाले, "अरे, जेवणाच्या सुट्टीनंतरच बंद पडतंय बघ ते, सकाळी कधी पडत नाही." वहीत वेळा मांडल्या, तर दुपारी सगळे माग एकदम चालू होतात त्याच मिनिटाला अडॅप्टर गायब. सकाळी कामगार पुढेमागे येतात, माग एकेक करून सुरू होतात, म्हणून सकाळी काही होत नव्हतं. ही गोष्ट लॉग वाचून मला जन्मात कळली नसती.

सावधान: एका वेळी एकच बदल. चार्जर, ड्रायव्हर आणि राऊटरचं चॅनल एका संध्याकाळी बदललंत आणि वायफाय नीट झाला, तर कशाने झाला ते कळत नाही, आणि परत बिघडला की पहिल्यापासून सुरुवात.

## १. नेमकं काय तुटतंय ते ठरवा

"वायफाय जातो" यात तीन वेगवेगळे आजार असतात आणि तिघांचं औषध वेगळं. तुटलेल्या अवस्थेत, रीस्टार्ट न करता, लॅन केबलवरून आत जा आणि बघा.

पहिलं, एलएसयूएसबी मारा, जोडलेल्या युएसबी वस्तूंची यादी येते. यादीत अडॅप्टरच नाही? मग तो युएसबीवरूनच पडलाय. पासवर्ड, राऊटर, चॅनल यांचा काही संबंध नाही, पायरी २ आणि ३ बघा.

दुसरं, अडॅप्टर यादीत आहे, पण आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० लिंक मारल्यावर "नॉट कनेक्टेड" येतं. इथे ड्रायव्हर, पॉवर सेव्ह किंवा सिग्नल. पायरी ४ ते ७. बोर्डाचा आतला वायफाय आणि हा अडॅप्टर असे दोन असतील तर तुमचा अडॅप्टर डब्ल्यूलॅन१ सुद्धा असू शकतो, नाव आधी बघून घ्या.

तिसरं, कनेक्टेड दाखवतंय, पण काही उघडत नाही. राऊटरच्या आयपीला पिंग करा, म्हणजे त्याच्या नेटवर्क पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघा. राऊटर उत्तर देतोय आणि बाहेरचं उघडत नाही, तर तुमचा वायफाय ठणठणीत आहे, इंटरनेट लाईन किंवा डीएनएस (वेबसाईटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) बघा. अडॅप्टरला उगाच शिव्या बसतात अशा केसेस लई आहेत.

जोडीला एका खिडकीत डीमेसेज डॅश डब्ल्यू चालू ठेवा, ओएसचा आतला लॉग जसा येईल तसा दिसतो, स्पेलिंग डी एम ई एस जी. "युएसबी डिस्कनेक्ट" किंवा एरर उणे ७१, उणे ११० अशा ओळी दिसल्या तर अडॅप्टर आणि बोर्ड यांच्यातलं बोलणंच तुटतंय. अशा वेळी माझा पहिला संशय पॉवर आणि केबलवर असतो.

तपासा: रीस्टार्ट केल्यावर नीट होतं म्हणून लगेच रीस्टार्ट करू नका. पुरावा पुसला जातो. रास्पबेरी पायवर लॉग नुसता मेमरीत राहील अशी सेटिंग असू शकते, तेव्हा आधी डीमेसेजचा आउटपुट फाईलमध्ये टाका.

## २. पॉवर, पॉवर आणि पॉवर

रास्पबेरी पाय असेल तर काम सोपंय. व्हीसीजेनसीएमडी गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड ही कमांड मारा, पहिल्या शब्दाचं स्पेलिंग व्ही सी जी ई एन सी एम डी. उत्तर ०एक्स० आलं तर चालू केल्यापासून पॉवर कमी पडलेली नाही. ०एक्स५०००० म्हणजे मध्ये कधीतरी पॉवर पडली होती, ०एक्स५०००५ म्हणजे आत्ता, या क्षणाला कमी आहे. बोर्डाच्या हिशेबाने व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की ही खूण पडते. ती बोर्ड बंद करेपर्यंत पुसली जात नाही, म्हणून दिवसभर चालवून संध्याकाळी बघा, चालू केल्याकेल्या बघून काय उपयोग नाही.

दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर ही कमांड नसते. तिथे मल्टीमीटर. पायसारखाच ४० पिनांचा हेडर असेल तर चौथ्या पिनवर ५ व्होल्ट आणि सहाव्या पिनवर ग्राउंड मिळतं. वेगळा बोर्ड असेल तर आधी त्याचा पिनचा नकाशा बघा. अडॅप्टरवरून मोठी फाईल डाऊनलोडला लावा आणि तेव्हाच मोजा.

सावधान: मल्टीमीटरची टोकं घसरली आणि ५ व्होल्टची पिन ३.३ व्होल्टच्या पिनला टेकली तर बोर्ड जागेवर जातो. पहिली आणि दुसरी पिन अशाच शेजारी शेजारी असतात, तिकडे टोक नेऊच नका.

मामांच्या शेडमध्ये हेच केलं. माग बंद असताना मीटरवर ५.०२, डाऊनलोड लावल्यावर ४.७८, आणि माग चालू होताना आकडा ४.५ च्या घरात जाऊन परत वर आला. डोळा लवतो न लवतो तेवढाच वेळ, पण अडॅप्टर पडायला तेवढं पुरतं. पाय मात्र बंद पडत नव्हता, तो तसाच रेटत होता, म्हणून तर कुणाला पॉवरचा संशय आला नाही. चार्जर मोबाईलचा जुना आणि केबल दोन मीटरची, सुतळीएवढी बारीक. चांगला चार्जर आणि अर्ध्या मीटरची जाड केबल लावली, दुपारचं तुटणं त्या दिवसापासून थांबलं.

किती पॉवर लागते? पाय ३ ला ५.१ व्होल्ट २.५ अँपिअर, पाय ४ ला ३ अँपिअर, पाय ५ ला ५ अँपिअरचा चार्जर धरा. पाय ४ चे चारही युएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात, प्रत्येकी नाही. पाय ५ ला ५ अँपिअरचा चार्जर नसेल तर तो सगळ्या युएसबीला मिळून फक्त ६०० मिलीअँपिअर सोडतो, आणि हे कळायच्या आधी लोक तीन अडॅप्टर बदलतात.

"माझा चार्जर ६५ वॉटचा आहे, पॉवर कमी कशी पडेल?" हा प्रश्न मला सारखा येतो. मोबाईल किंवा लॅपटॉपचा फास्ट चार्जर ते पूर्ण ६५ वॉट ५ पेक्षा बऱ्याच वरच्या व्होल्टवर देतो. पायला पाहिजे ५ व्होल्ट, आणि ५ व्होल्टवर तोच चार्जर २ किंवा ३ अँपिअरच देणार. चार्जरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ५ व्होल्टच्या पुढचा आकडा वाचा.

दोन-तीन युएसबी वस्तू असतील तर स्वतःचा चार्जर असलेला युएसबी हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारी डबी) घ्या. हब चांगला असू द्या, स्वस्तातले काही हब उलटा करंट बोर्डाकडे ढकलतात. ओळखायचं कसं? बोर्डाचा चार्जर काढा, तरी लाल लाईट चालू राहिली तर हब करंट मागे फेकतोय.

## ३. पोर्ट, एक्स्टेन्शन आणि ऊन

अडॅप्टर थेट बोर्डात खोचलेला असतो आणि शेजारच्या निळ्या पोर्टात युएसबी ३ ची हार्डडिस्क. युएसबी ३ ची गडबड २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये घुसते, इंटेलने २०१२ सालीच यावर पेपर काढला होता. उपाय स्वस्तातला आहे: एक मीटरची युएसबी २ एक्स्टेन्शन केबल घ्या, अडॅप्टर काळ्या पोर्टातून लांब नेऊन उंच टांगा. लोखंडी डबीत पाय बंद करून अँटेना पण आतच, असं असेल तर पुढच्या पायऱ्या वाचण्याआधी अँटेना बाहेर काढा.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी पार करतो, पत्र्याच्या शेडखाली तर विचारूच नका. नखाएवढा नॅनो अडॅप्टर, त्याला हवा लागत नाही, वर कापसाचे तंतू बसून गोधडी झालेली. तासभर चालून पडतो, पंख्याखाली नेला की चालतो, असं असेल तर कारण उष्णताच. डबीला भोकं पाडा, दर पंधरा दिवसांनी ब्रशने तंतू झाडा, नॅनो सोडून मोठ्या अंगाचा अडॅप्टर घ्या.

तपासा: इथपर्यंत झालं की २४ तास तसंच चालवा. नीट चालला तर इथेच थांबा, पुढे काही बदलू नका.

## ४. आतली चिप ओळखा

डबीवरच्या कंपनीच्या नावाला काही अर्थ नाही. तेच मॉडेल, तोच डबा, आणि वर्षभराने आत दुसरीच चिप, असं सर्रास होतं. एलएसयूएसबीत दोन भागांचा आयडी दिसतो, तो खरा.

१४८एफ:५३७० म्हणजे रालिंकची आरटी५३७०, १४८एफ:७६०१ म्हणजे मीडियाटेकची एमटी७६०१यू, ०सीएफ३:९२७१ म्हणजे अथेरॉसची एआर९२७१. या तिघींचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे ओएसच्या गाभ्यातच आहेत, काही टाकावं लागत नाही, आरटी५३७० तर लावा आणि विसरा. ०बीडीए ने सुरू होणारे सगळे रिअलटेकचे, उदाहरणार्थ ०बीडीए:८१७९ म्हणजे ८१८८ईयू, आणि बहुतेक रडारड याच घराण्यात असते.

०बीडीए:१ए२बी दिसलं तर घाबरू नका. अडॅप्टर स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतोय, आत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. युएसबी अंडरस्कोर मोडस्विच हा प्रोग्रॅम टाकला की तो वायफायच्या रूपात येतो आणि आयडी बदलतो. या एका गोष्टीपायी चांगले अडॅप्टर "डेड" म्हणून परत गेलेत.

## ५. आता ड्रायव्हर

एलएसयूएसबी डॅश टी मारा, प्रत्येक वस्तूसमोर तिला सांभाळणारा ड्रायव्हर दिसतो. चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये असेल तर बाहेरचा टाकू नका. दोन ड्रायव्हर एकाच चिपवर हक्क सांगायला लागले की कधी हा येतो कधी तो, आणि दर बूटला वेगळी वागणूक. बाहेरचा टाकायचाच असेल तर आतल्याला मोडप्रोबच्या ब्लॅकलिस्टमध्ये (चालू न करायच्या ड्रायव्हरच्या यादीत) घाला.

जुना कर्नल असेल तर आधी ओएस अपडेट करा. रिअलटेकच्या ८८२१सीयू, ८८२२बीयू वगैरे युएसबी चिपना कर्नल ६.२ पासून आतच सपोर्ट आलाय, यूनेम डॅश आर मारून तुमचा आकडा बघा.

बाहेरचा ड्रायव्हर टाकताना डीकेएमएसमधूनच टाका, कर्नल बदलला की ते ड्रायव्हर आपोआप परत बनवतं. नुसता मेक आणि इन्स्टॉल करून टाकला तर आज चालेल, पण कर्नल अपडेट झाला की वायफाय गायब, आणि तोपर्यंत ड्रायव्हर हाताने टाकला होता हेच आपण विसरलेलो असतो. कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाईली) यूनेमच्या आकड्याशी तंतोतंत जुळले पाहिजेत. पाय ४ वर ३२ बिटची ओएस असेल तर एक मेख आहे: ओएस ३२ बिट पण कर्नल ६४ बिटचा चालू होतो, मग कंपाईल होता होत नाही. बूटच्या कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये आर्म अंडरस्कोर ६४बिट=० लिहा, रीस्टार्ट करा.

## ६. पॉवर सेव्ह बंद करा

पॉवर आणि केबल ठीक असूनही "थोडा वेळ कुणी वापरला नाही की झोपतो, पहिला पिंग दोन सेकंदांनी येतो, एसएसएच अडकतं" असं असेल तर हेच.

बघायला आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूलॅन० गेट पॉवर अंडरस्कोर सेव्ह. ऑन दिसलं तर गेटच्या जागी सेट लिहून शेवटी ऑफ, आणि कमांडच्या सुरुवातीला सुडो लावा. लोक इथेच थांबतात आणि ही चूक आहे, रीस्टार्ट केला की ते परत ऑन होतं. कायमचं करायचं तर ऑक्टोबर २०२३ नंतरच्या रास्पबेरी पाय ओएसवर नेटवर्क मॅनेजर असतो, तिथे एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय, मग कनेक्शनचं नाव, मग वायफाय डॉट पॉवरसेव्ह २. दोन म्हणजे बंद, तीन म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद नव्हे, इथे लई जण फसतात.

रिअलटेकच्या बाहेरच्या ड्रायव्हरची स्वतःची वेगळी झोप असते. वरची कमांड ऑफ दाखवते आणि तो आतून झोपतोच. मोडप्रोब डॉट डी फोल्डरमध्ये फाईल करून ऑप्शन्स, पुढे मॉड्यूलचं नाव, पुढे आरटीडब्ल्यू अंडरस्कोर पॉवर अंडरस्कोर एमजीएनटी=० लिहा.

तरीही अडॅप्टर युएसबीवरून झोपत असेल तर बूटच्या सीएमडीलाईन डॉट टीएक्सटीमध्ये युएसबीकोर डॉट ऑटोसस्पेंड=-१ जोडा.

सावधान: ती सगळी फाईल एकाच ओळीत असते. एंटर मारून नवी ओळ केली तर बोर्ड बूट न होण्याची पाळी येते. शेवटी एक स्पेस देऊन त्याच ओळीत लिहा.

## ७. हवेतला भाग आणि राऊटर

लिंक कमांडमध्ये सिग्नलचा आकडा उणे असतो. उणे ५० छान, उणे ६७ पर्यंत ठीक, उणे ७५ च्या पलीकडे तुटणारच, तिथे सेटिंग बदलून काही होत नाही, जागा बदला.

राऊटरवर २.४ चं चॅनल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ मधलं जे मोकळं ते ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. पायमध्ये देश भारत निवडा, तो निवडलेला नसेल तर पायचा आतला वायफाय ब्लॉक राहतो आणि चॅनल १२, १३ वरचा राऊटर नीट सापडत नाही. ५ गिगाहर्ट्झ वापरत असाल तर चॅनल ३६ ठेवून बघा, ५२ ते १४४ मध्ये राऊटरला रडार जाणवलं की तो चॅनल सोडून पळतो आणि जुने अडॅप्टर मागे राहतात.

राऊटरवर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ किंवा मिश्र मोड असेल तर काही दिवस नुसता डब्ल्यूपीए२ ठेवून बघा. लॉगमध्ये रीझन=१५ येत असेल तर राऊटरशी पासवर्डची देवाणघेवाण अर्धवट राहतेय, पासवर्ड परत टाका आणि सिग्नल बघा. रीझन=३ सोबत लोकली जनरेटेड लिहिलं असेल तर राऊटरने हाकललेलं नाही, तुमच्याच बोर्डाने सोडलंय.

पायचा आतला वायफाय आणि बाहेरचा अडॅप्टर दोन्ही एकाच नेटवर्कला जोडलेले नकोत. कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये डीटीओव्हरले=डिसेबल-वायफाय लिहून आतला बंद करा.

## ८. चाचणी, आणि मगच स्क्रिप्ट

राऊटरला रात्रभर पिंग लावून आउटपुट फाईलमध्ये घ्या, सकाळी पॅकेट लॉस (किती पिंगला उत्तरच आलं नाही) बघा. ज्या वेळी पूर्वी तुटायचं ती वेळ चाचणीत आलीच पाहिजे. आमच्या केसमध्ये रात्रभराच्या पिंगला अर्थ नव्हता, दुपारची सुट्टी पार पडायला हवी होती.

दर पाच मिनिटांनी राऊटरला पिंग करून उत्तर नसेल तर कनेक्शन परत उभं करणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) टाकायला हरकत नाही, पण सगळ्यात शेवटी. आधीच टाकली तर ती आजार झाकते, तिकडे पॉवर पडतच राहते आणि एक दिवस एसडी कार्डच करप्ट होतं.

एवढं करूनही नाही जमलं तर अडॅप्टर बदला. नवी पेठेत घ्यायला जाताना पाय आणि एक चांगली पॉवर बँक सोबत न्या, आधी घरी पायचा आतला वायफाय (पायरी ७ मध्ये बंद केला असेल तर परत चालू करून) मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडून ठेवा म्हणजे दुकानात मोबाईलवरूनच एसएसएच करता येतं. दुकानदाराला चिपचं नाव विचारून उपयोग नाही, त्याला ते माहीत असायचं कारणच नाही. विनंती करून काउंटरवरच अडॅप्टर खोचा, एलएसयूएसबी मारा, आयडी वर सांगितलेल्या चांगल्या तिघींपैकी निघाला तर पैसे द्या आणि बिलावर तो आयडी पेनाने लिहून ठेवा.